एक्स्टेंशन कॉर्ड निवडताना: लोड, लांबी आणि वायरची जाडी

एक्स्टेंशन बोर्ड घेताना बहुतेकांची नजर आधी सॉकेट किती आहेत यावर जाते, मग यूएसबी पोर्टवर. वायर ‘असू दे जरा लांब, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून गरजेपेक्षा मोठीच घेतली जाते. वायरीत तांबं किती आहे आणि सॉकेटच्या आतली पट्टी कसली आहे, हे पाहायचं मात्र राहून जातं. बोर्ड जळतात ते बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी. त्यामुळे निवड उलट्या बाजूनं करावी. काय चालवायचं, ते किती लांब आणि कुठे, हे आधी ठरवा. त्यावरून वायरची जाडी काढा. सॉकेट किती हवेत हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

खालचे सगळे आकडे २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्यासाठी आहेत.

१. आधी लोड काढा

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाला एक पट्टी असते. तिच्यावरचे वॅट २३० ने भागले की अँपियर मिळतात. १००० वॅटची इस्त्री म्हणजे साधारण ४.३ अँपियर, २००० वॅटचा हीटर म्हणजे ८.७ अँपियर. मोबाइल चार्जर, राउटर, लॅपटॉप, टीव्ही हे सगळे एकत्र लावले तरी सहसा २ अँपियरच्या आत राहतात. खरी चिंता असते ती उष्णता तयार करणाऱ्या आणि मोटर फिरवणाऱ्या वस्तूंची: हीटर, केटल, इंडक्शन, इस्त्री, मायक्रोवेव्ह, पंप, कटर, व्हॅक्यूम क्लीनर.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत एक चूक हमखास होते. जाहिरातीत लिहिलेले ८०० वॅट हे खाद्यपदार्थापर्यंत पोचणाऱ्या शक्तीचे असतात. भिंतीतून ओढली जाणारी वीज त्याहून बरीच जास्त, १२०० वॅटच्या आसपास असते. म्हणून नेहमी ‘इनपुट’चा आकडा घ्या. मोटरचंही तसंच. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट हे खरं, पण ती शक्ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी. विजेकडून मोटर साधारण १००० वॅट घेते, आणि सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते.

एकाच वेळी चालणाऱ्या वस्तूंचे अँपियर मिळवा. बोर्डावर ६ अँपियर लिहिलं असेल तर तो आकडा संपूर्ण बोर्डाचा असतो, एकेका सॉकेटचा नव्हे. चार सॉकेट आहेत म्हणून चोवीस अँपियर मिळत नाहीत. तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी लिहिलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच जा. म्हणजे ६ अँपियरच्या बोर्डावर सुमारे ११०० वॅट, १६ अँपियरच्या बोर्डावर सुमारे २९०० वॅट.

उपकरणाची पिन जाड, म्हणजे १६ अँपियरची असेल, तर बनवणाऱ्यानं तुम्हाला उत्तर देऊनच ठेवलंय. त्याला १६ अँपियरचं सॉकेट आणि १६ अँपियरची पिन असलेलीच कॉर्ड लागते. जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांनी पिन बसते, सॉकेटची ताकद वाढत नाही.

२. अंतर दोरीनं मोजा

नजरेनं अंदाज करू नका. वायर भिंतीच्या कडेनं, दाराला वळसा घालून जाणार असते, हवेतून सरळ जात नाही. दोरी त्याच मार्गानं टाका, मोजा, आणि वर एक मीटर धरा. त्याहून लांब कॉर्ड घेण्यात तोटाच आहे. जास्तीची वायर गुंडाळून ठेवावी लागते आणि ती गुंडाळीच गरम होते.

३. वायरची जाडी: सगळ्यात महत्त्वाचा निर्णय

जाडी म्हणजे आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या प्लास्टिकची जाडी पाहून फसू नका. स्वस्त वायरीत प्लास्टिक जाड आणि तांबं केसाएवढं, असा प्रकार सर्रास चालतो. लवचीक तांब्याच्या वायरीला साधारण पुढचे आकडे धरावेत:

- ०.७५ चौ. मिमी: ६ अँपियरपर्यंत
- १ चौ. मिमी: १० अँपियरपर्यंत
- १.५ चौ. मिमी: साधारण १५ अँपियर
- २.५ चौ. मिमी: २० अँपियर

दुकानात अजून जुनी भाषाही चालते. ‘चाळीस शहात्तर’ म्हणजे ०.००७६ इंच व्यासाच्या ४० तारा, म्हणजे जवळपास १.१७ चौ. मिमी. ‘तेवीस शहात्तर’ म्हणजे ०.६७, पाऊणहून थोडी कमीच. नव्या पद्धतीत २४/०.२ म्हणजे ०.२ मिमीच्या २४ तारा, ०.७५ चौ. मिमी. ३२/०.२ म्हणजे १ चौ. मिमी. शंका असेल तर टोक सोलून तारा मोजा. दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळं उघड होतं.

तारा मोजताना आणखी एक पाहा. ब्लेडनं एक तार हलकी खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार आहे. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो, आणि स्क्रूखाली ते हळूहळू दबून ढिलं पडतं. अशी वायर एक्स्टेंशनला घेऊच नका.

आता लांबी. वरचे आकडे वायर तापू नये म्हणून आहेत. अंतर वाढलं की दुसरा प्रश्न येतो: वाटेत व्होल्टेज किती गळतं. १ चौ. मिमी तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१९५ ओहम असतो. ०.७५ चा ०.०२६, १.५ चा ०.०१३३ आणि २.५ चा ०.००८. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबीची दुप्पट करायची. सूत्र सोपं आहे: २ × लांबी × रोध × अँपियर.

एक हॉर्सपॉवरचा पंप घराच्या सॉकेटपासून ४० मीटरवर आहे असं धरू. चालताना तो ७ अँपियर घेतो (मोटरचा करंट नुसत्या ‘वॅट भागिले २३०’ पेक्षा जास्त असतो). १ चौ. मिमीची वायर टाकली तर चालताना ११ व्होल्ट गळतात. पाच टक्क्यांच्या आत आहे, चालून जाईल असं वाटतं. पण सुरू होताना हाच पंप ३५ अँपियर मागतो. तेव्हा गळती ५५ व्होल्टच्या घरात जाते आणि मोटरला मिळतात जेमतेम १७५. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे सुरुवातीचा जोर ६० टक्क्यांच्याही खाली येतो. पंप नुसता घुमतो, फिरत नाही, जड करंट ओढत राहतो आणि वाइंडिंग जळतं. दोष मात्र पंपाला दिला जातो. तिथेच २.५ चौ. मिमीची वायर असती तर सुरुवातीची गळती २२ व्होल्ट राहिली असती आणि ८० टक्क्यांहून जास्त जोर मिळाला असता.

चालू स्थितीत गळती ५ टक्क्यांच्या, म्हणजे ११-१२ व्होल्टच्या आत ठेवावी. मोटर असेल तर ३ टक्क्यांच्या आत. हाताशी गणित नको असेल तर हा ठोकताळा: चार्जर, दिवे, टीव्हीसाठी १० मीटरपर्यंत ०.७५ पुरेशी. ड्रिल, मिक्सर, इस्त्री यांना १० मीटरपर्यंत १ चौ. मिमी, २५-३० मीटरपर्यंत १.५. हीटर किंवा १६ अँपियर पिनचं काहीही असेल तर ५ मीटरपर्यंत १.५ आणि त्यापुढे २.५. पंप किंवा कॉम्प्रेसर २० मीटरच्या पलीकडे असेल तर २.५ च्या खाली जाऊच नका.

लांब आणि बारीक वायरीत आणखी एक धोका लपलेला असतो. ५० मीटर ०.७५ वायरीचा जाऊन-येऊन रोध २.६ ओहम होतो. टोकाला शॉर्ट सर्किट झालं तरी करंट ९० अँपियरच्या आतच राहतो, घराच्या वायरिंगचा रोध धरला तर त्याहूनही कमी. १६ अँपियरच्या सी प्रकारच्या एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचला, तत्काळ पडायला ८० ते १६० अँपियर लागतात. मग तो काही सेकंद घेतो, आणि तेवढ्या वेळात वायर पेट घेऊ शकते. शिवाय हा एमसीबी भिंतीतल्या वायरिंगच्या हिशोबानं बसवलेला असतो. तुमच्या ०.७५ च्या कॉर्डमधून १२ अँपियर वाहत असले तरी त्याच्या लेखी सगळं ठीक असतं.

४. बोर्ड, पिन आणि आतली पट्टी

चांगली वायर आणि भिकार बोर्ड ही जोडी फार दिसते. सॉकेटच्या आतली पट्टी पातळ पितळेची किंवा लोखंडी असेल तर ती काही महिन्यांत सैल होते. सैल जोडाचा रोध ०.१ ओहम एवढा जरी झाला, तरी १३ अँपियरला त्या एका ठिपक्यावर १७ वॅट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत कोंडून ठेवावं तसंच हे. सॉकेटभोवतीचा पिवळा-तपकिरी डाग आणि जळकट वास इथूनच येतो.

दुकानात पिन घालून पाहा. ती घट्ट जायला हवी, बोर्ड उलटा धरला तरी स्वतःच्या वजनानं निसटता कामा नये. सगळ्या देशांच्या पिना बसतात असं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट जड लोडसाठी टाळा. सगळ्यांना जागा द्यायची म्हणून त्याची पकड कुठल्याच पिनेला नीट बसत नाही, आणि काही पिनांची अर्थिंग त्यात लागतच नाही.

वायर तीन कोअरची हवी, म्हणजे आत फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वेगळ्या वायरी. दोन कोअरची कॉर्ड, तीही तीन भोकांच्या सॉकेटसह, आजही विकली जाते. तिथे अर्थिंगचं भोक फक्त शोभेचं असतं. धातूचं अंग असलेलं कोणतंही उपकरण अशा कॉर्डवर लावणं म्हणजे शॉकला आमंत्रण. चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेली, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची उपकरणं दोन कोअरवर चालतात, पण उद्या त्या बोर्डावर काय लावलं जाईल याची खात्री कोण देणार?

बाकी गोष्टी झटकन पाहून घ्या. फ्यूज किंवा दाबून पुन्हा चालू करता येणारं ओव्हरलोड बटण, भोकांवर लहान मुलांसाठी शटर, वायर बोर्डात शिरते तिथे घट्ट पकड, पिन आणि वायर दोन्हींवर मानक चिन्ह आणि छापलेली क्षमता. वायरीवर काहीच छापलेलं नसेल तर तिथेच विषय संपवा.

स्पाइक गार्डबद्दल गैरसमज खूप आहेत. त्याच्या आतला घटक अचानक आलेला उंच व्होल्टेजचा झटका स्वतःकडे घेतो. त्यानं बोर्डाची लोड क्षमता वाढत नाही, आणि कमी-जास्त होणारं व्होल्टेजही सुधारत नाही; ते काम स्टॅबिलायझरचं. प्रत्येक झटक्यागणिक तो घटक थोडा झिजतो. संरक्षण चालू असल्याचा दिवा विझला की उरतो तो साधा एक्स्टेंशन बोर्ड.

५. घराबाहेर न्यायची असेल तर

घरातली पांढरी पीव्हीसी कॉर्ड अंगणात नेऊन वर्षभर ठेवली की ऊन तिला कडक करतं, वाकवल्यावर भेगा पडतात आणि भेगेतून पाणी शिरतं. बाहेर रबरी आवरणाची केबल घ्यावी. तिच्यावर एच०७आरएन-एफ असा संकेत छापलेला असतो: ०७ म्हणजे ४५०/७५० व्होल्टचा दर्जा, आर म्हणजे रबराचं इन्सुलेशन, एन म्हणजे निओप्रिनचं बाह्यावरण, शेवटचा एफ म्हणजे लवचीक. तेल, चिखल, ऊन आणि घासणं ती बऱ्यापैकी सोसते. रंग शक्यतो नारिंगी किंवा पिवळा घ्या. गवतात काळी वायर दिसत नाही आणि गवत कापायचं यंत्र तिच्यावरून जातं.

सॉकेट आणि पिन किमान आयपी ४४ दर्जाची हवी. पहिला आकडा धूळ-कचऱ्यासाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा ४ असेल तर कोणत्याही बाजूनं उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण मिळतं, ७ असेल तर थोडा वेळ पाण्यात बुडालं तरी चालतं. पण झाकण बंद असेल किंवा जुळणारी पिन पूर्ण आत बसली असेल तरच हा दर्जा खरा. आयपी ४४ च्या सॉकेटात घरातली साधी पिन खोचली की झाकण उघडं राहतं आणि सगळं मुसळ केरात.

बाहेरच्या प्रत्येक कॉर्डमागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. घराच्या डीबीत (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीत) नसेल तर पिनेतच बसवलेला मिळतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नाही असं दिसताच तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा; पडला नाही तर बदला. मात्र आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर बारीक वायर वापरता येणार नाही.

जोड जमिनीवर ठेवू नका, विटेवर किंवा खुंटीला टांगून ठेवा. पिनेकडे येणारी वायर आधी खाली झुकून मग वर यायला हवी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटात जात नाही. आधी उपकरण कॉर्डला लावा, मग कॉर्ड भिंतीला. काढताना बरोबर उलटा क्रम.

६. स्वतः बनवणार असाल तर

मनासारख्या लांबीची आणि जाडीची कॉर्ड हवी असेल तर ती बनवणं अवघड नाही. तीन कोअरची गोल लवचीक केबल, १६ किंवा ६ अँपियरचा प्लग टॉप (भिंतीत जाणारी पिन) आणि स्क्रूनं पकडणारी ग्रिप असलेला बोर्ड एवढंच लागतं.

बाहेरचं आवरण साधारण ४ सेंटिमीटर काढा. आतल्या कोअरला ब्लेड लागलं तर ते टोक कापून पुन्हा सुरुवात करा. फेज आणि न्यूट्रल थोडे आखूड कापा आणि अर्थ एखाद सेंटिमीटर लांब ठेवा. वायर चुकून ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटायला हवी. कोअरचं टोक ८ ते १० मिमी सोला. तारा पिळून त्यावर फेरूल किंवा लग (तारा एकत्र पकडणारं धातूचं छोटं टोक) दाबा. बरेच जण इथे सोल्डर लावतात. ते करू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, जोड सैल होतो आणि मग तापतो. ‘चार तारा बसत नाहीत, कापून टाकू’ असंही नको, कारण तेवढं तांबं तुम्ही कमी केलंत.

जोडणी रंगानं करा: तपकिरी किंवा लाल फेजला, निळी किंवा काळी न्यूट्रलला, हिरवी किंवा पिवळी-हिरवी अर्थला. टर्मिनलवर एल, एन, ई अशी अक्षरं असतात. तीन भोकांच्या सॉकेटाकडे समोरून पाहताना अर्थचं मोठं भोक वर ठेवलं तर फेज उजवीकडे येते. बोर्डावर स्विच असेल तर तो फेजमध्येच यायला हवा. न्यूट्रलमध्ये आला तर स्विच बंद करूनही उपकरणात वीज राहते. ग्रिपनं बाहेरचं आवरण पकडायला हवं, आतल्या कोअर नव्हे. शेवटी एकेक वायर हातानं ओढून पाहा.

७. वापरण्याआधी तपासा

कॉर्ड भिंतीला न लावता मल्टिमीटरनं पिनेच्या अर्थपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थपर्यंत रोध मोजा. १ ओहमच्या आत यायला हवा. तसंच फेज ते फेज, न्यूट्रल ते न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये, तसंच दोघांपैकी कोणत्याही आणि अर्थमध्ये काही जुळणी दिसता कामा नये. बोर्डावर इंडिकेटरचा दिवा असेल तर त्याच्यामुळे फेज-न्यूट्रलमध्ये थोडी जुळणी दिसू शकते, हे लक्षात ठेवा. मग कॉर्ड पूर्ण उलगडून नेहमीचा लोड अर्धा तास चालवा. पुरवठा बंद करून पिन काढा आणि हात लावून पाहा. वायर कोमट लागली तर चालेल. हात ठेववत नसेल तर जाडी अपुरी आहे. वायर थंड पण पिन गरम असेल तर दोष जोडात किंवा सॉकेटात आहे, वायर बदलून काही होणार नाही.

८. रोजच्या वापरात बिघडतं ते इथे

गुंडाळी. २० मीटर ०.७५ वायरीवर २००० वॅटचा हीटर चालवला तर वायरीत सुमारे ८० वॅट उष्णता तयार होते. मुळात ही वायर त्या लोडला बारीकच. पण पसरलेली असताना ती उष्णता मीटरला ४ वॅट म्हणून हवेत जाते. तीच वायर गुंडाळलेली असेल तर ८० वॅट एका गठ्ठ्यात कोंडतात, आणि साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकाव धरतं. केबलच्या रीलवर म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना एक आणि पूर्ण उलगडल्यावर दुसरा, बराच मोठा.

सतरंजीखालून, दाराच्या फटीतून किंवा खिळा मारून वायर नेऊ नका. बोर्डाला बोर्ड जोडू नका. सगळा लोड पहिल्या बोर्डाच्या पिनेवर येतो आणि जोड वाढतात ते वेगळंच. फ्रिज, एसी, गीझर, वॉशिंग मशीन यांना कायमचं एक्स्टेंशन लावायची वेळ आली असेल तर तिथे नवा पॉइंट काढून घ्या, कॉर्ड शोधत बसू नका.

काढताना पिन धरून ओढा. गुंडाळताना कोपराभोवती घट्ट वळसे घालू नका, त्यानं तारा पिळतात आणि आतल्या आत तुटतात; सैल, हातभर व्यासाचे वळसे घालून खुंटीला टांगा. आवरण कापलं गेलं असेल तर टेप हा इलाज नव्हे. चीर टोकाजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून नवी पिन बसवा. मधोमध असेल तर तिथून कापून दोन आखूड कॉर्ड करा. पिनेचे दांडे काळे पडले असतील किंवा बोर्डाचं प्लास्टिक वितळलं असेल तर पिन आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुन्याचा काळा थर नव्यालाही तापवत राहतो.